शेवटची भाटी: मोकळ्या मांजरांच्या नसबंदीचं गणित आणि कसब

एखाद्या वस्तीत वीस मोकळी मांजरं आहेत, त्यांतल्या दहा भाट्या, म्हणजे माद्या. स्वयंसेवकांनी धावपळ करून पाच भाट्यांची नसबंदी करून घेतली. निम्मं काम झालं, आता मांजरं कमी होत जाणार, असं कुणालाही वाटेल. वर्षभरानं मोजणी केली तर आकडा जवळपास तितकाच भरतो. असं का होतं हे कळलं की कामाची आखणीच बदलते.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात मोकळ्या मांजरांवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक भाटी वर्षाला सरासरी १.४ वेळा व्याली आणि दर खेपेला साधारण तीन पिल्लं झाली. नजरेखाली ठेवलेल्या १६९ पिल्लांपैकी १२७, म्हणजे ७५ टक्के, सहा महिन्यांची व्हायच्या आत मेली किंवा दिसेनाशी झाली. हे आकडे आपल्या वस्तीला लावून पाहा. उरलेल्या पाच भाट्यांना वर्षात २१ पिल्लं होतील आणि त्यांतली पाच जगतील. वर्षाकाठी पाचेक मोठी मांजरं मरत असतील, तर ती भरपाई तिथल्या तिथे होते. शिवाय नव्या पाचांपैकी दोन-तीन भाट्या असणार आणि काही महिन्यांत त्याही माजावर येणार. याउलट दहापैकी नऊ भाट्यांची नसबंदी झाली, तर वर्षाला चार पिल्लं जन्मतील आणि एखादंच जगेल. म्हणजे पहिल्या पाच शस्त्रक्रियांचं फळ पुढच्या चार झाल्याशिवाय हाती लागत नाही.

म्हणून आमचं ठाम मत असं: पाच वस्त्यांमध्ये थोडं थोडं काम करण्यापेक्षा एका वस्तीतली शेवटची भाटी पकडेपर्यंत दुसरी वस्ती हातात घेऊ नये. अमेरिकेतल्या दोन परगण्यांतल्या नोंदी वापरून २००५ साली एक गणिती विश्लेषण झालं. बाहेरून नवी मांजरं येत नाहीत असं गृहीत धरूनही संख्या उतरणीला लागायला ७१ ते ९४ टक्के मांजरांची नसबंदी लागते, असं त्यात निघालं. तेवढा पल्ला विखुरलेल्या कामातून गाठता येत नाही.

मांजरीचं शरीर या गणिताला आणखी घाई लावतं. चार-पाच महिन्यांचं, अजून पिल्लू दिसणारं मांजरही गाभण राहू शकतं. दिवस मोठा होऊ लागला, उजेडाचे तास वाढले की भाट्या माजावर येतात. मांजरीचं बीज एरवी सहसा सुटत नाही, बहुतेक वेळा समागमाच्या उत्तेजनानंच ते सुटतं, त्यामुळे बोका भेटला की गर्भ राहण्याची शक्यता मोठी असते. गर्भकाळ ६३ ते ६५ दिवसांचा, आणि आधीची पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. एका जोडीपासून सात वर्षांत लाखो मांजरं होतात, असा आकडा काही पत्रकांत छापलेला असतो. तो वापरू नये. सगळी पिल्लं जगतात असं धरल्याशिवाय तो येतच नाही, आणि चुकीच्या आकड्यानं खऱ्या कामावरचा विश्वास जातो.

मांजरं उचलून दूर सोडणं किंवा मारणं हा उपाय लोक नेहमी सुचवतात. टास्मानियाच्या जंगलांत दोन मोकळ्या जागी मांजरं थोड्या प्रमाणात मारून पाहिली, तेव्हा तिथे आढळणाऱ्या मांजरांची संख्या एका ठिकाणी ७५ टक्क्यांनी आणि दुसऱ्या ठिकाणी २११ टक्क्यांनी वाढली. दबदबा असलेली मोठी मांजरं गेल्यावर आजूबाजूची मांजरं त्या जागी आली असावीत, असा संशोधकांचा अंदाज होता. अन्न आणि आसरा जागच्या जागी राहिला तर जागा रिकामी राहत नाही.

काम सुरू होतं मोजणीपासून, आणि मोजणी होते खाण्याच्या वेळी. रोज एकाच जागी, एकाच वेळी खाणं ठेवावं, अर्ध्या तासानं उरलंसुरलं उचलावं. आठवड्या-दोन आठवड्यांत मांजरं वेळेवर जमू लागतात आणि कोण आलं, कोण नाही हे दिसतं. दिवसभर उघडं राहणारं खाणं उंदीर, मुंग्या आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी ओढून आणतं. मुख्य म्हणजे पोट भरलेलं मांजर पिंजऱ्यात शिरत नाही. साधारण चार किलोच्या मांजराला दिवसाला २०० ते २५० किलोकॅलरी लागतात, म्हणजे कोरडं खाद्य ५५ ते ६५ ग्रॅम. उघड्यावर हिंडणाऱ्याला थोडं जास्त लागतं. कुत्र्यांचं खाद्य कायमचं देऊ नये. टॉरिन हे द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही. ते खाण्यातून मिळालं नाही तर डोळ्याचा पडदा आणि हृदयाचा स्नायू खराब होतो. दुधाऐवजी पाणी ठेवावं, कारण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही.

प्रत्येक मांजराचा फोटो दोन्ही बाजूंनी काढावा. रंगावरून लिंगाचा अंदाज बांधता येतो. काळा आणि नारिंगी असे दोन्ही रंग अंगावर असलेलं मांजर जवळजवळ नेहमीच भाटी असते, कारण नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि दोन्ही रंग उमटायला दोन एक्स लागतात. पूर्ण नारिंगी मांजरांत बोक्यांचं प्रमाण जास्त. पिंजरे कमी असतील तेव्हा हा अंदाज उपयोगी पडतो, कारण आधी भाट्या धरायच्या असतात. दहा बोक्यांपैकी नऊ जणांची नसबंदी झाली तरी उरलेला एक सगळ्या भाट्यांना पुरतो. तरी बोक्यांना वगळू नये. अंडकोष काढल्यावर टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक उतरतं आणि मारामाऱ्या, मूत्र फवारणं, लांब भटकणं कमी होतं. मांजरांची प्रतिकारशक्ती खालावणारा एफआयव्ही हा विषाणू मुख्यतः चावे लागून पसरतो, त्यालाही आळा बसतो. फक्त शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे बोक्यात जिवंत शुक्राणू उरलेले असू शकतात, हे लक्षात ठेवावं.

आता पकडण्याविषयी. खरं कसब इथेच लागतं. आधी पशुवैद्याकडे वेळ ठरवावी, मग पिंजरा लावावा. उलट क्रम झाला तर पकडलेलं मांजर दिवसभर पिंजऱ्यात ताटकळतं. नेहमीचा पिंजरा ७५ ते ९० सेंटिमीटर लांब असतो. आत तळाशी एक पत्रा असतो, त्यावर पाय पडला की मागचं दार पडतं. पिंजरा आखूड असेल तर दार मोठ्या बोक्याच्या पाठीवर किंवा शेपटीवर आपटतं, तो मागे सरकून निसटतो आणि पुढे महिनोन्महिने पिंजऱ्याजवळ फिरकत नाही. आदल्या दिवसापासून, साधारण २४ तास, त्या जागी कुणीही खाणं ठेवायचं नाही. खाऊ घालणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावं लागतं. एकानं मायेपोटी मूठभर टाकलं की ती रात्र वाया जाते. पाणी मात्र ठेवावं.

पिंजऱ्याच्या तळाशी वर्तमानपत्राची घडी अंथरावी, जाळी पायाला टोचली तर मांजर आत येत नाही. घडीची कड पत्र्याखाली गेली तर पत्रा खाली दबत नाही आणि दार पडत नाही. म्हणून पिंजरा लावल्यावर पत्रा बोटानं दाबून एकदा पाहावाच. जमीन सपाट हवी, मांजरानं आत पहिला पाय टाकल्यावर पिंजरा जरा जरी डुगडुगला तरी ते मागे फिरतं. मागची बाजू भिंतीला किंवा झुडपाला टेकवावी. आमिष उग्र वासाचं हवं, तेलातले मासे उत्तम. दाराशी चमचाभर रस शिंपडावा, मध्ये एखादा थेंब, आणि मुख्य घास पत्र्याच्या पलीकडे, अगदी शेवटच्या जाळीला टेकवून, कागदावर. पत्र्याच्या अलीकडे ठेवला तर मांजर पाय न टाकता मान लांबवून खातं आणि निघून जातं. डबा आत ठेवू नये. घाबरलेलं मांजर आत थडाथड उड्या मारतं तेव्हा डब्याची कापलेली कड चेहऱ्याला लागते.

दार पडलं की दाराची कडी अडकवावी आणि लगेच संपूर्ण पिंजऱ्यावर जाड चादर टाकावी. अंधार झाला की बहुतेक मांजरं मिनिटाभरात शांत बसतात. चादर टाकायला उशीर झाला तर तेच मांजर नाक जाळीवर घासून रक्तबंबाळ करून घेतं. लावलेला पिंजरा नजरेआड सोडू नये. ऊन, पाऊस, कुत्री आणि माणसं यांपैकी कशानंही अडकलेल्या मांजराचा जीव जाऊ शकतो. एका पिंजऱ्यात एकच मांजर, आणि हातानं दुसरीकडे हलवायचं नाही.

पाच-सहा मांजरं सहज सापडतात. शेवटच्या एक-दोन भाट्या मात्र पिंजऱ्याभोवती फेऱ्या मारतात आणि आत येत नाहीत. इथे बरेच गट थकून थांबतात, आणि हिशेबाच्या दृष्टीनं याच भाट्या सर्वांत मोलाच्या असतात. अशा वेळी पिंजऱ्याचं दार वर बांधून ठेवावं आणि आठवडाभर रोजचं खाणं त्यातच द्यावं. पहिल्या दिवशी दाराशी, मग दर दिवशी थोडं आत. मांजर निवांत शेवटपर्यंत जाऊन खाऊ लागलं की दार मोकळं करावं. तरीही जमलं नाही तर मोठी जाळीदार चौकट एका काठीवर तिरपी टेकवून खाली खाणं ठेवतात. काठीला दोरी बांधून लांब बसायचं आणि मांजर पूर्ण आत, खाण्यात गुंतलेलं असताना ओढायची. मग चौकटीला असलेल्या दारातून त्याला पिंजऱ्यात घ्यायचं. चौकट जड असते, म्हणून ती पडताना कडेखाली दुसरं मांजर नाही ना, हे पाहूनच दोरी ओढावी.

पिल्लं साधारण दोन महिन्यांची आणि किलोभर वजनाची झाली की त्यांचीही नसबंदी करता येते. त्यांना मोठ्यांइतका वेळ उपाशी ठेवू नये, रक्तातली साखर झपाट्यानं उतरते. किती तास ते पशुवैद्य सांगतील. माणसाची सवय लागायचं वय मात्र फार थोडं, दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत. त्या काळात हाताळलेलं पिल्लू घरात रुळतं. तो काळ माणसाशिवाय गेला तर मांजर मोठेपणी बुजरंच राहतं, आणि त्याला घरात कोंडणं ही शिक्षा ठरते. एकटी दिसलेली तान्ही पिल्लं लगेच उचलू नयेत, आई बहुधा खाणं शोधायला गेलेली असते. काही तास लांबून पाहावं. गारठलेलं पिल्लू सापडलं तर आधी ऊब द्यावी, मग दूध. थंड पडलेल्या पोटात दूध पचत नाही. पाजती भाटी पकडली गेली तर दवाखान्यात तसं आधीच सांगावं आणि ती पूर्ण शुद्धीवर आली की लवकर परत सोडावी. नसबंदीनं दूध आटत नाही.

भूल दिलेली असतानाच लस टोचून घ्यावी, रेबीजची तर नक्कीच. त्याच वेळी एका कानाचं टोक साधारण एक सेंटिमीटर सरळ रेषेत कापतात. बहुतेक ठिकाणी डावा कान घेतात. मारामारीत फाटलेला कान वेडावाकडा असतो, सरळ कापलेला लांबूनही ओळखता येतो. त्यामुळे त्याच मांजराला पुन्हा पकडणं आणि भूल देणं टळतं. टाके आपोआप विरघळणारेच घालायला सांगावेत, बुजरं मांजर टाके काढायला पुन्हा हाती लागत नाही.

भुलेत शरीर स्वतःची ऊब राखू शकत नाही. परत आणल्यावर पिंजरा वाऱ्याच्या झोतापासून दूर, उबदार आणि शांत खोलीत, झाकून ठेवावा. दिवा किंवा हीटर अगदी जवळ ठेवू नये, गुंगीतल्या मांजराला चटका बसतो तरी सरकता येत नाही. रक्त गळत राहणं, श्वास ओढून घेणं किंवा ठरलेल्या वेळेत शुद्धीवर न येणं, यांपैकी काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवावं. बोक्याला साधारण एक रात्र पुरते, भाटीला एक ते दोन दिवस. मग जिथून आणलं तिथेच, दार रस्त्याच्या विरुद्ध दिशेला करून सोडावं.

पिंजरे दोन वापरांच्या मध्ये धुवायलाच हवेत. मांजरांमधल्या पॅनल्युकोपेनिया रोगाचा विषाणू महिनोन्महिने टिकतो आणि पिल्लांचा फडशा पाडतो. ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे ३२ भाग असं द्रावण त्याला मारतं. आधी घाण धुऊन काढावी, द्रावण दहा मिनिटं राहू द्यावं आणि साध्या पाण्यानं खळखळून धुवावं. फिनॉल असलेली जंतुनाशकं वापरू नयेत. ही द्रव्यं निकामी करण्याची यकृतातली एक प्रक्रिया मांजरात फार मंद असते. त्याच कारणानं पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारू शकते. कुत्र्यांच्या पिसवांवरची परमेथ्रिन असलेली औषधंही मांजरांना विषारी आहेत.

चावा बसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. मांजराचे सुळे बारीक आणि खोल रुततात, वरून जखम किरकोळ दिसते आणि आत जंतू वाढतात. रेबीजच्या लशीचा निर्णयही तेव्हाच घ्यायचा असतो.

एक गोष्ट मांजरप्रेमींना ऐकायला जड जाते. पोटभर खाणारं मांजरही शिकार करतं. पक्षी, सस्तन प्राणी आणि सरपटणारे प्राणी मिळून ६३ प्रजाती जगातून नाहीशा होण्यात मांजरांचा हात आहे, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दिसलं. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांजवळ, पाणथळीजवळ किंवा बेटावर खाण्याची जागा थाटू नये. तिथे मांजरं सोडणं हा उपाय नव्हे, त्यांना दत्तक देऊन घरात ठेवणं किंवा बंदिस्त जागा करणं हाच मार्ग.

सगळ्या भाट्या झाल्या तरी नोंदवही बंद होत नाही. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या आवारात १९९१ ते २००२ असं काम चाललं. १५५ मांजरांपैकी ४७ टक्के दत्तक गेली, १९९५ नंतर आवारात एकही पिल्लू जन्मलेलं दिसलं नाही, आणि १९९६ साली असलेली ६८ मांजरं २००२ मध्ये २३ वर आली. त्या काळातही नवी मांजरं येतच होती, पण व्यायच्या आत पकडली जात होती. त्यासाठी रोज खाणं देणाऱ्यानं आलेल्यांची हजेरी घ्यावी. अख्ख्या कानाचं अनोळखी मांजर दिसलं की त्याच दिवशी फोटो काढून नोंद करावी, चार-पाच दिवस ते पुन्हा येतं का पाहावं, आणि येत राहिलं तर लगेच दवाखान्यातली वेळ ठरवावी.