ऑपरेशनला कार्ड, गोळीला खिसा

गोव्यात पेडणे, सत्तरी, डिचोलीत कुणाचं दुखणं वाढलं की घरातली माणसं म्हणतात, "बांबोळीला न्या." बांबोळी म्हणजे तिथलं गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं सरकारी इस्पितळ. या भरवशाचं मूळ जुनं आहे. १८४२ साली पोर्तुगिजांनी पणजीत वैद्यकीय शाळा काढली. मुक्तीनंतर, १९६३ मध्ये, तिचंच गोवा वैद्यकीय महाविद्यालय झालं. उपचार सरकारी इस्पितळात आणि औषधही तिथल्याच खिडकीवर, ही गरिबाची घडी तेव्हापासूनची.

औषधांची यादी त्यामानाने अलीकडची. जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली यादी १९७७ मध्ये काढली, भारताची राष्ट्रीय यादी १९९६ ची. २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत, आणि २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार त्यांच्या किमतींवर सरकारची कमाल मर्यादा असते. पण मर्यादा किमतीला आहे. साठा असेलच याची हमी त्यात नाही. चिठ्ठीवर पाच औषधं असतात, खिडकीवर तीन मिळतात, उरलेल्या दोनांपुढे खूण करून "बाहेरून घ्या" सांगतात.

मग विमा कशाला, असं कुणीही विचारील. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा ही कार्डावरची आरोग्य विमा योजना २०१६ मध्ये आली. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंतचा उपचारखर्च, त्याहून मोठ्याला चार लाखांपर्यंतचा. मदत मोठीच आहे, तिने अनेक घरं कर्जातून वाचवली असतील. पण तिची यादी ४४७ उपचारप्रक्रियांची आहे, औषधांची नव्हे. बीपी-शुगरची रोजची गोळी त्यात कुठेच बसत नाही. केंद्राच्या २०१८ च्या आयुष्मान भारतमध्येही घरी सोडल्यावर १५ दिवसांचीच औषधं धरली आहेत. मधुमेह काही सोळाव्या दिवशी थांबत नाही.

बाह्यरुग्णालाही औषध देणारी योजना खरं तर फार आधीपासून आहे: १९४८ च्या कायद्याने आलेला कामगार विमा. पण तो नोंदणी झालेल्या, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांचा. बाजारात मासळी विकणाऱ्या किंवा चार घरची भांडी घासणाऱ्या बाईला तो लागू नाही, आणि महिनाअखेर गोळी एक दिवसाआड घ्यायची वेळ तिच्यावरच येते.

शिवाय दीनदयाळ कार्डाला गोव्यातल्या पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. बांधकामावर नुकत्याच आलेल्या मजुराला ते मिळत नाही. २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना बांबोळीत शुल्क लागू झालं, तेव्हा सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या बांदा, सावंतवाडी, दोडामार्गची माणसं रस्त्यावर उतरली. वर्षानुवर्षं त्यांचंही मोठं इस्पितळ बांबोळीच होतं.