स्प्रिंग रेटची निवड (विजेवरील डर्ट बाइक)

स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला किती बळ लागते, हे सांगणारा आकडा म्हणजे स्प्रिंग रेट. तो न्यूटन प्रति मिमी.मध्ये मोजतात; शॉकच्या (मागच्या धक्काशोषकाच्या) स्प्रिंगवर मात्र पुष्कळदा पौंड प्रति इंचाचा आकडा असतो (१ न्यूटन प्रति मिमी. म्हणजे सुमारे ५.७ पौंड प्रति इंच). जितके बळ तितकी दाब, हा यामागचा नियम रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. नुसते पाहून रेट ओळखायला जाऊ नये: वेढे आणि व्यास तेच ठेवून तार १० ऐवजी ११ मिमी. घेतली, तर रेट ४६ टक्क्यांनी वाढतो, कारण त्यात तारेच्या जाडीचा चौथा घात येतो.

हलक्या विद्युत डर्ट बाइकचे वजन ५०-६० किलोच्या आसपास असते, म्हणजे चालवणाराच गाडीपेक्षा जड. त्यामुळे कंपनीची स्प्रिंग एकाला दगडासारखी लागते, तर दुसऱ्याला प्रत्येक उडीत तळाला नेते. इंजिनाचा आवाज नसल्याने तो ठोका स्वच्छ ऐकूही येतो. पेट्रोलची टाकी रिकामी होते तशी बॅटरी हलकी होत नाही, हा एक फायदा. पण मोठी बॅटरी बसवली की मापे पुन्हा घ्यावी लागतात.

निवड ‘सॅग’वरून, म्हणजे वजनाने गाडी किती खाली बसते यावरून, करतात. चाक अधांतरी असताना मागच्या आसापासून मडगार्डवरील एका खुणेपर्यंतचे अंतर घ्यायचे. मग गाडी जमिनीवर ठेवून, आणि शेवटी पूर्ण पोशाखात स्वार होऊन तेच अंतर मोजायचे. पहिल्या मापातून ही दोन वजा केली की रिकाम्या गाडीचा आणि स्वारासह सॅग मिळतो. स्वारासह सॅग चाकाच्या वर-खाली होण्याच्या एकूण प्रवासाच्या साधारण ३० ते ३३ टक्के असावा. तो प्रीलोडची (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी) रिंग फिरवून जुळवता येतो, आणि गफलत इथेच होते. रिंग आवळल्याने गाडी वर उचलली जाते, स्प्रिंगचा रेट तोच राहतो. खरा निकाल रिकाम्या गाडीचा सॅग देतो. स्वारासह माप बरोबर असूनही रिकामी गाडी जेमतेम बसत असेल, तर स्प्रिंग मऊ आहे; फार बसत असेल, तर कडक. हे उलटे वाटते, पण मऊ स्प्रिंगला स्वार पेलण्यासाठी इतके आवळावे लागते की रिकाम्या गाडीचे वजन तिला हलवू शकत नाही.

हिशेबही याच दोन मापांतून निघतो. ८० किलोच्या स्वाराचा ६० टक्के भार मागे आला, तर ४८ किलो, म्हणजे सुमारे ४७० न्यूटन. दोन सॅगमधला फरक ५० मिमी. हवा असेल, तर चाकापाशी ९.४ न्यूटन प्रति मिमी. लागतात. शॉक १ मिमी. दबताना चाक २.५ मिमी. उचलले जात असेल, तर या आकड्याला २.५च्या वर्गाने गुणायचे: सुमारे ५९ न्यूटन प्रति मिमी., अर्थात ३३५ पौंड प्रति इंचाच्या जवळपास. लिंकेजमुळे (शॉक आणि चाक जोडणाऱ्या दांड्यांमुळे) हे गुणोत्तर प्रवासात बदलत असल्याने उत्तर अंदाजाचे. शेजारचे दोन रेट लावून पाहणे बरे. कडक स्प्रिंग जोराने परतते, म्हणून रिबाउंडही (परतीच्या हालचालीला शॉकने केलेला अटकाव) थोडा वाढवावा लागतो.

पुढच्या फोर्कमध्ये (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांत) गुणोत्तर जवळजवळ एकास एक असते. दोन्ही नळ्यांत स्प्रिंग असेल, तर त्यांचे रेट मिळवायचे. त्यामुळे एकीत ४.२ आणि दुसरीत ४.४ घालून मधला रेट साधता येतो. पाहणाऱ्याला ती चूक वाटते, फोर्कला फरक पडत नाही.