मराठी फाइल उघडताच नोटपॅड प्लस प्लस बंद पडतो? तो काढून टाकण्याआधी हे वाचा

नोटपॅड प्लस प्लस या मजकूर लिहायच्या प्रोग्रामबद्दल आमच्या म्हापशाच्या दुकानात ही तक्रार वरचेवर येते. इंग्रजी फाइल व्यवस्थित चालते. मराठी किंवा कोंकणी उघडली की विंडो क्षणभर पांढरी होते आणि गायब. येईपर्यंत बहुतेकांनी प्रोग्राम काढून दोनदा परत घातलेला असतो. त्याने काही साधत नाही. सेटिंग्ज ॲपडेटा फोल्डरमध्ये वेगळ्या राहतात आणि नवा प्रोग्राम त्याच उचलतो.

उलट घात होऊ शकतो. सेव्ह न केलेला मजकूरही तिथेच, ‘बॅकअप’ फोल्डरमध्ये असतो. मूळ सेटिंग बदललेली नसेल तर दर ७ सेकंदांनी त्याची प्रत पडते. प्रोग्राम काढताना ‘सेटिंग्ज ठेवायच्या का?’ असं विचारतात, तिथे घाईत ‘नको’ दाबू नका. एका गिऱ्हाइकाची जत्रेच्या पावणीची (लिलावाची) अख्खी यादी आम्हांला याच फोल्डरात मिळाली. फाइलचं नाव फक्त ‘न्यू १’, पुढे तारीख-वेळ.

आता कारण. अक्षरं पडद्यावर काढायला विंडोजकडे जुना जीडीआय आहे आणि २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर आलेला डायरेक्टराइट. डायरेक्टराइटची अक्षरं रेखीव दिसतात, पण तो ग्राफिक्स कार्डाची मदत घेतो. ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, जुनाट असला की तिथे गाडी अडू शकते. इंग्रजीला का अडत नाही? तुम्ही निवडलेल्या कॉन्सोलाससारख्या फॉन्टात देवनागरी नसतेच. ‘ज्योत्स्ना’ आली की विंडोज निर्मला किंवा मंगलसारखा दुसरा फॉन्ट शोधतो, मग त्, स्, न यांची मोट बांधतो. त्या शोधात एखादी खराब फॉन्ट-फाइल हाती लागली, तरी हाच प्रकार.

प्रोग्राम उघडत असेल तर मराठी फाइल न उघडता सेटिंग्ज, प्रेफरन्सेस, मिस्क इथे जाऊन डायरेक्टराइट बंद करा आणि प्रोग्राम परत सुरू करा. अक्षरं किंचित जाडीभरडी दिसतील; चालतं.

उघडतच नसेल तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, टक्क्याच्या दोन खुणांमध्ये ‘ॲपडेटा’ हा शब्द इंग्रजीत टाइप करा आणि एंटर मारा. नोटपॅड प्लस प्लसच्या फोल्डरातल्या ‘कॉन्फिग’ फाइलची आधी एक प्रत काढून ठेवा. मग ती विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्ये उघडून ‘राइट टेक्नॉलॉजी इंजिन’ शोधा (इंग्रजीत, सगळे शब्द जोडून). पुढचा १ पुसून ० करा, अवतरणचिन्हं तशीच राहू देत. हे करताना नोटपॅड प्लस प्लस पूर्ण बंद हवा, नाहीतर बंद होताना तो तुमच्या बदलावर जुनंच लिहून टाकतो.

एवढ्यानेही भागलं नाही तर अलीकडे घातलेला फॉन्ट काढून पाहा. पत्रिका छापायला कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेले दोनशे फॉन्ट एकदम घातलेत, तर आमचा पहिला संशय त्यांच्यावरच. मग ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करा.

मशीन आणायचंच झालं तर चार्जरसकट आणा, शुक्रवार सोडून. बाजारादिवशी दुकानासमोर स्कूटर लावायलाही जागा नसते. आणि दुपारी एक ते साडेतीन आम्ही जेवायला घरी असतो.