प्रवासी-समाधान मापन

शहरी बस, लोकल किंवा मेट्रोच्या सेवेबद्दल प्रवाशाला काय वाटते, ते आकड्यांत मांडण्याची पद्धत. किती फेऱ्या झाल्या, किती किलोमीटर गाडी धावली, हा हिशेब आगारात असतोच. ही मोजणी थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूची. ईएन १३८१६ हे युरोपीय मानक (२००२) सेवेची चार रूपे धरते: प्रवाशाला हवी असलेली, संस्थेने ठरवलेली, प्रत्यक्ष दिलेली आणि प्रवाशाला जाणवलेली. पहिल्या आणि शेवटच्या रूपात जितकी तफावत, तितके असमाधान.

नेहमीचे साधन म्हणजे प्रश्नावली. वक्तशीरपणा, गर्दी, स्वच्छता, वाहकाची वागणूक, भाडे अशा बाबींना प्रवासी बहुधा १ ते ५ गुण देतो. ही श्रेणी मानसशास्त्रज्ञ लायकर्ट यांच्या १९३२ मधील पद्धतीवरून आली. मार्टिला व जेम्स यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या तक्त्यात गुणांसोबत त्या बाबीचे महत्त्वही विचारतात. महत्त्व मोठे आणि गुण कमी, तिथे आधी हात घालायचा.

सर्वांत फसवी बाब वाट पाहण्याची. दर २० मिनिटांनी नेमाने बस आली, तर सरासरी १० मिनिटे थांबावे लागते. तेवढ्याच बस एकदा ५ आणि एकदा ३५ मिनिटांच्या अंतराने आल्या, तर सरासरी साडेपंधरा मिनिटांवर जाते, कारण बहुतेक लोक लांबच्या खंडातच थांब्यावर येतात. आगाराच्या नोंदीत फेऱ्या मात्र पूर्ण.

खानदेशात ही प्रश्नावली जशीच्या तशी चालत नाही. धुळ्याकडे प्रवाशाला ‘बस कशी शे?’ (कशी आहे) विचारले की ‘बरी शे’ एवढेच उत्तर येते. हे ३ गुण की ४? इथल्या अहिराणी बोलीतला हा ‘बरी’ कधी कौतुकाचा असतो, कधी विषय मिटवण्याचा. म्हणून ‘काल किती वेळ उभे होतात? बसायला जागा मिळाली का?’ असे घडलेले विचारणे बरे. ऋतूही पाहावा लागतो. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जातो. बिनछपराच्या थांब्याला डिसेंबरात मिळालेले गुण तेव्हा टिकत नाहीत. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे, त्यामुळे भाड्याबाबत स्त्री-पुरुषांची उत्तरे एकत्र करून काढलेली सरासरी कुणाचेच मत सांगत नाही.

आणखी एक खोट पद्धतीतच आहे. बसमध्ये चढून विचारले की भेटतात ते टिकून राहिलेले प्रवासी. कंटाळून शेअर रिक्षाकडे वळलेले, किंवा धुळ्यात पांझरा नदी ओलांडून पलीकडच्या देवपुराला दुचाकीवर जाऊ लागलेले त्या यादीत येतच नाहीत. त्यामुळे सेवा खालावून लोक गळाले तरी सरासरी गुण वाढलेले दिसू शकतात. त्यांना गाठायचे तर रिक्षा थांब्यावर, बाजारात, कॉलेजच्या फाटकाशी किंवा घरोघरी जाऊनच विचारावे लागते.