प्लाझ्मॉनिकी

धातूमधले मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकदम हेलकावे घेऊ लागले, की त्या प्रकाशाची ऊर्जा त्याच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान जागेत कोंडली जाते. इलेक्ट्रॉनांच्या या सामूहिक हेलकाव्याला प्लाझ्मॉन म्हणतात आणि त्याचा अभ्यास व वापर करणाऱ्या शाखेला प्लाझ्मॉनिकी. हे नाव विसावे शतक सरताना रूढ झाले. ज्या रंगांमधून ही शाखा उगवली, ते मात्र काचकारागिरांना दीड हजार वर्षांपूर्वीही साधले होते.

प्रकाशाला हवे तितक्या लहान जागेत बसवता येत नाही. जर्मनीतील येना येथे काम करणाऱ्या एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवले की भिंग कितीही चांगले असले, तरी साधारण अर्ध्या तरंगलांबीपेक्षा लहान ठिपका त्याला पाडता येत नाही. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), म्हणजे ही मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटरवर येते. माणसाच्या केसाच्या जाडीच्या, म्हणजे अदमासे ८०,००० नॅनोमीटरच्या मानाने हे फारच थोडे झाले. पण आजच्या चिपमधले ट्रान्झिस्टर त्याहूनही पुष्कळ लहान आहेत आणि त्यांच्या दारातून प्रकाश आत शिरू शकत नाही. धातू ही अडचण सोडवतो, मात्र बदल्यात प्रकाशातली काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने घेतो. या शाखेतले यशापयश बहुतांशी या देवाणघेवाणीवर ठरत आले आहे.

रंग येतो कुठून

सोन्याचांदीत काही इलेक्ट्रॉन कोणत्याही एका अणूशी बांधलेले नसतात, ते साऱ्या धातूत मोकळे वावरतात. अशा धातूच्या वीस नॅनोमीटरच्या कणावर प्रकाश पडला, तर प्रकाशाचे विद्युत क्षेत्र हे सगळे इलेक्ट्रॉन एका बाजूला ढकलते. दुसऱ्या बाजूला धन प्रभार उघडा पडतो आणि तो त्यांना मागे खेचतो. मागे येताना ते समतोलाच्या जागेपलीकडे जातात, पुन्हा खेचले जातात, आणि हेलकावा सुरू होतो. झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो उंच जातो, अवेळी दिला की अडखळतो. इथेही तसेच आहे. ज्या रंगाच्या प्रकाशाची वारंवारता या हेलकाव्याशी जुळते, तो रंग कण अधाशासारखा शोषून घेतो आणि चहूकडे विखुरतो. भौतिकीत याला अनुस्पंदन म्हणतात. पाण्यात तरंगणाऱ्या १० ते २० नॅनोमीटरच्या सुवर्णकणांत हे अनुस्पंदन ५२० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या रंगात घडते. हिरवा गेला की उरलेला प्रकाश डोळ्यांना लाल दिसतो. चांदीच्या लहान कणांत ते ४०० नॅनोमीटरजवळ, जांभळ्या टोकाला घडते, म्हणून त्यांचे द्रावण पिवळे दिसते.

हा लाल रंग एखाद्या रंगद्रव्याचा नाही. सोने तेच, अणूही तेच. बदलली ती फक्त इलेक्ट्रॉनांना हेलकावायला मिळालेली जागा. कणाचा आकार बदला, शेजारी दुसरा कण आणून ठेवा किंवा भोवतालचे पाणी काढून तेल भरा, रंग लगेच सरकतो. पदार्थाचा रंग हा त्याचा अंगभूत गुण, असे आपण शाळेपासून धरून चालतो. प्लाझ्मॉनने ही समजूत मुळापासून हलवली, आणि माझ्या मते या विषयाचे खरे महत्त्व इथेच आहे.

प्रयोगशाळेतला लाल रंग

सुवर्णकलिल, म्हणजे सोन्याचे सूक्ष्म कण तरंगत असलेले द्रावण, करण्याची सर्वांत प्रचलित कृती जॉन टर्केविच यांनी १९५१ मध्ये मांडली. काचेच्या चंबूत सोन्याच्या क्षाराचे अगदी पातळ, फिकट पिवळे द्रावण उकळत ठेवायचे आणि त्यात सोडियम सायट्रेट घालायचे. पिवळी झाक जाते, द्रावण क्षणभर पाण्यासारखे होते, मग राखाडी-निळसर, पुढे जांभळट काळे, आणि काही मिनिटांत द्राक्षाच्या मद्यासारखे गडद लाल. चंबू उचलून खिडकीशी धरला तर पलीकडचे स्वच्छ दिसते, गढूळपणाचा मागमूस नसतो. सायट्रेटचे दुहेरी काम असते. ते सोन्याच्या आयनांचे, म्हणजे द्रावणातल्या प्रभारित अणूंचे, धातूत रूपांतर करते आणि प्रत्येक कणाभोवती ऋण प्रभाराचे कुंपण घालून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवते.

आता त्यात चिमूटभर मीठ टाकावे. कुंपण कोसळते, कण एकमेकांना बिलगतात, शेजारशेजारचे हेलकावे एकमेकांत गुंततात आणि लाल द्रावण डोळ्यांदेखत निळे-जांभळे होते. बहुधा ते पुन्हा लाल होत नाही. सोप्या चाचण्यांची एक मोठी शाखा या रंगबदलावरच उभी आहे. चॅड मिरकिन यांच्या गटाने १९९६ मध्ये सुवर्णकणांवर डीएनएचे तुकडे बसवले. जोडीदार डीएनए भेटला की कण एकत्र येऊन रंग बदलत.

घरी गर्भधारणा तपासण्याच्या पट्टीवर उमटणारी गुलाबी-लाल रेघ हीदेखील बहुतेक वेळा सुवर्णकणांचीच असते. पट्टीत कोरड्या अवस्थेत ठेवलेल्या कणांना प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. लघवीचा ओलावा कणांना पुढे वाहून नेतो, वाटेत गर्भधारणेचे संप्रेरक त्यांना पकडते आणि रेघेवर बसवलेली दुसरी प्रतिपिंडे ही सारी जोडी अडवून ठेवतात. रेघ दिसायला यंत्र लागत नाही, कारण असा एक कण रंगद्रव्याच्या एका रेणूपेक्षा हजारो पट जास्त प्रकाश टिपतो. कोविडच्या साथीत घरोघरी पोहोचलेल्या कित्येक झटपट चाचण्यांतही हेच तंत्र होते.

चषकापासून सिद्धान्तापर्यंत

लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये चौथ्या शतकातला एक रोमन काचेचा चषक आहे. त्यावर राजा लायकर्गसची कथा कोरलेली असल्याने त्याला लायकर्गस चषक म्हणतात. समोरून उजेड पडला तर तो शेवाळी हिरवा दिसतो, आत दिवा ठेवला तर माणकासारखा लाल. काचेच्या तपासणीत सोने व चांदी यांच्या मिश्रधातूचे सुमारे ७० नॅनोमीटरचे कण सापडले. कण हिरवा प्रकाश विखुरतात, म्हणून बाहेरून हिरवा आणि आरपार आलेला लाल. सोन्याचे प्रमाण दहा लाख भागांत काही डझन भाग इतकेच आहे. घडवणाऱ्याला यातले किती ठाऊक होते, हे काच सांगत नाही. सतराव्या शतकात जर्मनीत सोने अम्लराज या तीव्र आम्लमिश्रणात विरघळवून कथिलाच्या क्षाराने ‘कॅसियस जांभळा’ तयार करू लागले आणि काच व चिनी मातीची भांडी त्याने रंगवू लागले.

कारणाचा शोध घेतला तो मायकेल फॅराडे यांनी. सोन्याचा वर्ख आणखी पातळ करताना धुतलेल्या पाण्याला आलेली फिकट माणिकछटा त्यांच्या नजरेतून सुटली नाही. मग त्यांनी फॉस्फरसच्या मदतीने मुद्दाम अशी लाल द्रावणे बनवली, त्यांतून प्रकाशाचा झोत सोडून त्याचा शंकू पाहिला आणि मिठाने ती निळी होतात हेही नोंदवले. रंग अतिसूक्ष्म सुवर्णकणांचा आहे, असा निष्कर्ष त्यांनी १८५७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडला. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा चाळीस वर्षे होती. त्यांच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही आहेत, आणि त्यांतला लाल रंग टिकून आहे.

गणित आले ते १९०८ मध्ये. गुस्ताफ मी यांनी विद्युतचुंबकीय तरंगांचे नियम सांगणारी मॅक्सवेलची समीकरणे धातूच्या गोलाकार कणासाठी सोडवली आणि सुवर्णकलिलाचा रंग आकडेमोडीतून मिळवून दाखवला. सपाट पृष्ठभागावर असाच तरंग पसरू शकतो, हे अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेच्या रूफस रिची यांनी १९५७ मध्ये मांडले. वेगवान इलेक्ट्रॉन धातूच्या पातळ पापुद्र्यातून जाताना किती ऊर्जा गमावतात, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. प्रकाशाचा त्यात संबंधही नव्हता.

गवती चहा आणि त्रिकोण

गोलाचा आकार सोडला की अनुस्पंदन पुष्कळ दूरवर नेता येते. लांबट दांडीत इलेक्ट्रॉन दोन दिशांनी हेलकावू शकतात. आडव्या हेलकाव्याचे अनुस्पंदन हिरव्यातच राहते, लांबीच्या दिशेचे मात्र लाल ओलांडून डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्तात पोहोचते. त्रिकोणी पत्र्यांचेही तसेच. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात गवती चहाचा अर्क घालून असे अतिशय पातळ त्रिकोण मिळवले. ते अवरक्ताच्या जवळच्या पट्ट्यात जोरकस शोषण करतात. या गटाने त्याआधी बुरशीकडूनही सोन्याचांदीचे नॅनोकण करवून घेतले होते. आपल्या परसातल्या पातीत आयनांचे धातूत रूपांतर करणारी आणि कणांना विशिष्ट आकार घेऊ देणारी संयुगे असावीत, याचे अप्रूप आजही ओसरत नाही. वनस्पतींच्या अर्कापासून नॅनोकण करण्याची लाट पुढे देशभर पसरली. त्यातले बरेच काम वनस्पती बदलून तोच प्रयोग करण्यापुरते राहिले. कोणते संयुग कोणता आकार घडवते हा मूळ प्रश्न मात्र अधिक कष्टाचा आहे.

स्पर्श ओळखणारा पापुद्रा

काचेच्या लोलकावर ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर चढवून लोलकाच्या आतून प्रकाश टाकला, तर एका ठरावीक कोनात परावर्तित प्रकाश जवळजवळ नाहीसा होतो. तो पृष्ठीय प्लाझ्मॉनच्या रूपात धातूच्या कडेने निघून गेलेला असतो. ही रचना एर्विन क्रेचमन आणि हाइन्त्स रेथर यांनी १९६८ मध्ये दिली, आंद्रेआस ओटो यांची थोडी वेगळी रचनाही त्याच वर्षीची. थरावर एखादे प्रथिन येऊन बसले, की तिथला अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वाकवण्याची क्षमता, किंचित बदलतो आणि प्रकाश लोपण्याचा कोनही सरकतो. स्वीडनमधील लिंकपिंग येथे १९८३ मध्ये यातून जैवसंवेदक घडवण्यात आला. औषध प्रथिनाला किती लवकर चिकटते आणि किती वेळाने सुटते, हे आता औषधसंशोधनात याच पद्धतीने, रेणूला कोणतीही रंगीत खूण न लावता मोजतात.

याहून थक्क करणारी कथा रामन परिणामाची आहे. रेणूवर पडलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश, ढोबळपणे कोटीतला एखादा फोटॉन, रंग बदलून परततो आणि रेणूची ओळख सांगतो. १९७४ मध्ये साउदॅम्प्टन येथे मार्टिन फ्लाइशमन, पॅट्रिक हेंड्रा आणि जेम्स मॅक्विलन यांनी खडबडीत केलेल्या चांदीच्या विद्युत अग्रावर (इलेक्ट्रोडवर) पिरिडीन या सेंद्रिय संयुगाचे रामन संकेत घेतले आणि ते चांगलेच ठळक मिळाले. खडबडीत पृष्ठभागावर जास्त रेणू मावतात, म्हणून असे होत असेल, असे त्यांना वाटले. रिचर्ड व्हॅन डायन आणि डेव्हिड जीनमेअर यांनी १९७७ मध्ये हिशेब केला, तेव्हा वाढ लाखो पटींची निघाली. निव्वळ क्षेत्रफळ वाढल्याने एवढे होणे शक्य नव्हते. चांदीच्या उंचवट्यांशी प्लाझ्मॉन विद्युत क्षेत्र एकवटतात आणि रामन संकेत साधारणपणे त्या क्षेत्राच्या चौथ्या घाताने वाढतो. क्षेत्र दहापट झाले, तर संकेत दहा हजार पट. दोन कणांमधल्या एकदोन नॅनोमीटरच्या फटीत ही वाढ सर्वांत तीव्र असते. १९९७ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे एकेका रेणूचा रामन संकेत टिपला.

मंडलाचे स्वप्न आणि उष्णता

विजेच्या तारा बारीक होतात, पण वेग वाढवला की तापतात आणि अडखळतात. प्रकाशतंतू वेगवान असतात, पण चिपवर बसण्याइतके बारीक होत नाहीत. तारेइतका बारीक आणि प्रकाशाइतका चपळ असा प्लाझ्मॉन या दोहोंना जोडील, अशी आशा २००० नंतरच्या दशकात फार होती. थॉमस एब्बसन यांच्या गटाने १९९८ मध्ये चांदीच्या पत्र्यातल्या तरंगलांबीहून लहान छिद्रांच्या जाळीतून अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश जातो हे दाखवले, तेव्हापासून या क्षेत्रात उत्साह संचारला होता. २००९ मध्ये प्लाझ्मॉनवर चालणारे नॅनोमीटर आकाराचे लेझरही करून दाखवण्यात आले.

अडले ते धातूपाशी. हेलकावणारे इलेक्ट्रॉन एकमेकांवर, स्फटिकजालावर आणि कणाच्या भिंतींवर आदळतात. नॅनोकणातला हेलकावा दहा फेम्टोसेकंदांच्या आसपास विझतो (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग). उत्तम चांदीवरही दृश्य प्रकाशाचा पृष्ठीय प्लाझ्मॉन काही डझन मायक्रोमीटर जाऊन मंदावतो, आणि प्रकाश जितका घट्ट कोंडावा तितके हे अंतर आणखी घटते. लांब पल्ल्याच्या जोडणीला हा तरंग उपयोगाचा नाही, हे मान्य करावे लागले. ग्राफीनमधील, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाड पापुद्र्यातील प्लाझ्मॉन, जे २०१२ मध्ये दोन गटांनी प्रत्यक्ष चित्रांकित केले, तरंगलांबी खूपच आखूड करतात आणि विद्युत दाबाने त्यांचे नियंत्रणही होते, पण ते अवरक्तात चालतात.

मग काही संशोधकांनी उष्णतेलाच कामाला लावले. अवरक्ताच्या जवळचा प्रकाश शरीराच्या ऊतींत तुलनेने खोलवर जातो. नेओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांनी सिलिकाच्या गोळीवर सोन्याचे कवच चढवून तिचे अनुस्पंदन त्या पट्ट्यात आणले. असे कण गाठीत साचले आणि बाहेरून लेझर टाकला, की ते तापून आसपासच्या पेशी मारतात. प्रोस्टेटच्या कर्करोगावर या उपचाराच्या मर्यादित मानवी चाचण्या झाल्या आहेत.

दुसरा उपयोग माहिती साठवण्याचा. हार्ड डिस्कवर बिट जितका लहान, तितका तो आपोआप पुसला जाण्याचा धोका मोठा. म्हणून अधिक हट्टी चुंबकीय पदार्थ वापरतात, पण मग त्यावर लिहिणे अवघड होते. यावर उपाय म्हणजे लिहिण्याच्या क्षणी तेवढाच ठिपका ४०० अंश सेल्सियसच्या पुढे तापवणे. लेझरचा प्रकाश भिंगाने इतका लहान करता येत नाही, म्हणून लेखनशीर्षाच्या टोकाला धातूचा प्लाझ्मॉनी सुळका बसवतात आणि तो ऊर्जा काही डझन नॅनोमीटरच्या ठिपक्यात उतरवतो. २०२४ मध्ये ३० टेराबाइटच्या आसपासच्या क्षमतेच्या अशा डिस्क मोठ्या प्रमाणावर बाजारात येऊ लागल्या. ही जुळणी करताना सर्वांत जास्त काळ छळले ते सोन्याच्या मऊपणाने. सुळका वारंवार तापून गोलसर होऊ लागतो, टोक मागे सरते, आणि आकार बदलला की अनुस्पंदनही ढळते.