शक्तीच्या गोळीत ‘अँटिऑक्सिडंट’ कुठून आले : पार्श्वभूमी

सांगलीत विश्रामबागेपासून मिरजेच्या दवाखान्यांपर्यंत किंवा साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत कुठल्याही मेडिकलात ‘वयस्कर माणसासाठी ताकदीची गोळी द्या’ म्हटले, की गोळ्यांचा जो पत्ता (स्ट्रिप) हातात येतो त्याच्या मागची यादी साधारण सारखीच असते. ब गटातली जीवनसत्त्वे, क, ई, जस्त, सेलेनियम, कधी लायकोपीन (टोमॅटोतले लाल रंगद्रव्य), आणि सगळ्यांच्या वर ठळक अक्षरांत ‘अँटिऑक्सिडंट’. या यादीतली निम्मी नावे शरीरात जे कमी पडते ते भरून काढण्यासाठी आलेली आहेत. उरलेली निम्मी म्हातारपण कशामुळे येते याबद्दलच्या एका सिद्धान्तातून आली. दोन्हींचा उगम वेगळा, मात्रेचा हिशेब वेगळा, आणि चाचण्यांतले निकालही वेगळे. एका कॅप्सूलमध्ये बसवल्यावर मात्र घेणाऱ्याला ती एकच वस्तू वाटू लागली. आजचा बराचसा गोंधळ तिथून सुरू होतो.

स्कर्व्ही, बेरीबेरी, मुडदूस आणि जीवनसत्त्वांचे शोध हा भाग शालेय पुस्तकांत येऊन गेला आहे, म्हणून तो सोडून देतो. खरी गुंतागुंत ‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दातच आहे आणि तिथे जरा थांबणे भाग आहे.

एका शब्दाचे चार अर्थ

पहिला अर्थ वस्तू टिकवण्याचा. हा शब्द आधी आरोग्याचा नव्हताच. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फ्रान्समधले रसायनतज्ज्ञ हवेत लवकर बिघडणारी रसायने टिकवण्याचा मार्ग शोधत होते. एखादा दुसरा पदार्थ किंचित मिसळला तर ऑक्सिजनशी होणारी क्रिया थांबते, हे त्यांना दिसले. पुढे रबर, पेट्रोल आणि खाद्यतेल टिकवण्यासाठी तीच युक्ती वापरली गेली. तेल खवट होते म्हणजे त्यातल्या मेदाम्लांवर ऑक्सिजनची साखळी-क्रिया सुरू होते. अँटिऑक्सिडंट ती साखळी मध्येच तोडतो. आपल्याकडे फरसाणाचे किंवा भडंगाचे पाकीट उलटून पाहिले तर घटकांमध्ये पुष्कळदा ‘अँटिऑक्सिडंट (आयएनएस ३१९)’ असे दिसते. आयएनएस म्हणजे अन्नात मिसळायच्या पदार्थांना दिलेला क्रमांक. ३१९ हे टीबीएचक्यू नावाचे रसायन, तेल टिकावे म्हणून घातलेले. आयएनएस ३२० आणि ३२१ हे त्याचेच भाऊबंद. पण आयएनएस ३०० म्हणजे साक्षात क जीवनसत्त्व, आणि ३०७ म्हणजे ई जीवनसत्त्वाचे रूप. पाकिटात तेलाची राखण करणारा पदार्थ आणि गोळीतला पदार्थ कधी कधी एकच असतो. तेलात जे होते तेच शरीरात होणार, ही उडी मारणे म्हणूनच इतके सोपे गेले.

दुसरा अर्थ परीक्षानळीतला. पदार्थाचा अर्क घ्यायचा, त्यावर मुक्त कण (फ्री रॅडिकल्स, म्हणजे शेजारच्या रेणूंची मोडतोड करणारे अस्थिर कण) सोडायचे आणि किती वेळ तग धरतो ते मोजायचे. या मोजणीतून आलेल्या आकड्यांचा एक मोठा तक्ता अमेरिकी सरकारी खात्याने प्रसिद्ध केला होता. २०१२ मध्ये त्या खात्याने तो काढून घेतला. हे आकडे शरीरातल्या परिणामाबद्दल काही सांगत नाहीत आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करतात, असे कारण दिले गेले. तक्ता गेला, भाषा राहिली. सांगलीची हळद, तासगावकडचा बेदाणा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांच्या जाहिरातींत आजही ‘अँटिऑक्सिडंटने भरपूर’ हे शब्द येतात ते या दुसऱ्या अर्थाने. हे पदार्थ उत्तमच आहेत, पण ते उत्तम असण्याचे कारण परीक्षानळीतला आकडा नव्हे.

हळदीचे उदाहरण इथे जवळचे. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीत कर्क्युमिन हे पिवळे द्रव्य वजनाच्या साधारण २ ते ५ टक्के असते, म्हणजे चमचाभर, अंदाजे ३ ग्रॅम, पुडीत शंभर मिलिग्रॅमच्या आसपास. आतड्यातून ते फारच थोडे रक्तात जाते, म्हणून कॅप्सूलमध्ये अर्क ५०० मिलिग्रॅम घालून सोबत मिऱ्यातले पायपरीन देतात. पायपरीन काय करते? परके पदार्थ मोडून बाहेर टाकणारी यकृताची आणि आतड्याची यंत्रणा मंदावते. त्यामुळे कर्क्युमिन टिकते, पण फिट्सच्या गोळीसारखी दुसरी औषधेही रक्तात जास्त साठू शकतात. शोषण वाढवलेल्या हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला सूज आल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. आमटीतल्या हळदीचा अनुभव या कॅप्सूलला लागू करता येत नाही.

तिसरा अर्थ शरीराच्या स्वतःच्या यंत्रणेचा. १९६९ मध्ये मुक्त कण निकामी करणाऱ्या सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराचे (एन्झाइमचे) काम उलगडले. त्याच्या एका रूपाला तांबे आणि जस्त लागते, दुसऱ्याला मँगनीज. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या तशाच दुसऱ्या विकराला सेलेनियम लागते. मग ही खनिजेही लेबलवर ‘अँटिऑक्सिडंट’ झाली. प्रत्यक्षात ती त्या यंत्राचे सुटे भाग आहेत. भाग पुरेसे असतील तर आणखी घातल्याने यंत्र जास्त वेगाने चालत नाही. उलट जस्ताची मोठी मात्रा महिनोन् महिने घेतली तर तांब्याचे शोषण घटते, आणि त्यातून रक्तक्षय व पायांत बधिरपणा येऊ शकतो. सेलेनियम जास्त झाले की केस गळतात आणि नखे ठिसूळ होतात.

चौथा अर्थ बाजाराचा. त्यात वरचे तिन्ही एकत्र येतात आणि कुठला अर्थ कुठे संपतो ते कळेनासे होते.

सिद्धान्त आणि चाचण्या

१९५६ मध्ये अमेरिकेत एक विचार मांडला गेला. श्वसनातून तयार होणारे मुक्त कण पेशींची झीज करत राहतात आणि तीच झीज म्हणजे म्हातारपण, असा तो विचार. नंतरच्या दशकांत आहाराच्या पाहण्या आल्या. ज्यांच्या रक्तात बीटा कॅरोटीन (गाजरातले नारिंगी रंगद्रव्य, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते) जास्त, त्यांना कर्करोग कमी, असे त्यांत दिसत होते. दोन्ही धागे जुळले. १९८१ मध्ये तर बीटा कॅरोटीन देऊन कर्करोग कमी करता येईल का, हा प्रश्न आघाडीच्या विज्ञान नियतकालिकात थेट विचारला गेला, आणि मोठ्या चाचण्या उभ्या राहिल्या.

फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाचे २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष घेतले. कोणाला रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, कोणाला ५० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व, कोणाला दोन्ही, कोणाला नुसती नकली गोळी. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. योगायोग असेल, असे अनेकांनी म्हटले. दोनच वर्षांत अमेरिकेतली दुसरी चाचणी मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. तिच्यात १८,३१४ जण होते, सगळे विडी-सिगारेटवाले, ती सोडलेले किंवा ॲस्बेस्टॉसच्या कामावरचे. रोज ३० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन आणि २५,००० युनिट अ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त होते. त्याच सुमारास २२,०७१ डॉक्टरांवरची बारा वर्षांची चाचणी संपली. त्यांत धूम्रपान करणारे थोडे होते. तिथे ना फायदा दिसला, ना तोटा.

मग आधीच्या पाहण्या खोट्या होत्या का? तसे नाही. फिनलंडच्याच चाचणीत, सुरुवातीला ज्यांच्या रक्तात बीटा कॅरोटीन जास्त होते त्यांना कर्करोग कमीच झाला. रक्तातले कॅरोटीन ही भाज्या-फळे खाण्याची खूण होती. खूण उचलून गोळीत घातली, जेवण बदलले नाही. त्यात मात्रेचा फरक. २० मिलिग्रॅम म्हणजे साधारण पाव किलो गाजरातले कॅरोटीन, तेही गोळीतून जास्त सहज शोषले जाणारे, रोज, कित्येक वर्षे. शिवाय धुराने भाजलेल्या फुप्फुसात, जिथे ऑक्सिजनही भरपूर असतो, तिथे बीटा कॅरोटीन स्वतःच ऑक्सिडीकरण होऊन त्रासदायक तुकडे तयार करते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. विडी ओढणाऱ्या किंवा ओढून सोडलेल्या माणसाने पत्त्यावर बीटा कॅरोटीन मिलिग्रॅममध्ये किती आहे हे वाचल्याशिवाय गोळी घेऊ नये.

ई जीवनसत्त्वाची गोष्ट याच चाचणीतून पुढे गेली. ते घेणाऱ्या फिनिश पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग कमी दिसला होता. तो चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता, पण त्या आधारावर २००१ पासून ३५,५३३ पुरुष घेऊन नवी चाचणी सुरू झाली. मात्रा होती ई ४०० युनिट आणि सेलेनियम २०० मायक्रोग्रॅम. उपयोग नाही असे दिसल्याने २००८ मध्ये गोळ्या बंद केल्या. २०११ पर्यंतचा हिशेब लावला तेव्हा नुसते ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त निघाला. आपल्याकडे केस आणि त्वचेसाठी सर्रास घेतली जाणारी ४०० मिलिग्रॅमची हिरवी मऊ कॅप्सूल बहुधा टोकोफेरिल ॲसिटेट या ई जीवनसत्त्वाच्या रूपाची असते, आणि त्याच्या कृत्रिम रूपात १ मिलिग्रॅम म्हणजे १ युनिट. म्हणजे ही मात्रा जवळपास तीच. दिवसाची गरज दहा-पंधरा मिलिग्रॅमची आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ही कॅप्सूल स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे, कारण मोठ्या मात्रेत ई स्वतःही रक्त गोठण्यात अडथळा आणते.

२००७ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यातल्या काटेकोर ४७ चाचण्यांत बीटा कॅरोटीन, अ आणि ई घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेले दिसले. त्यावर बराच वाद झाला. आजारी आणि निरोगी माणसे एकत्र मोजली, मात्रा एकत्र मोजल्या, असे आक्षेप होते आणि ते रास्त होते. तरी निरोगी माणसाचे आयुष्य वाढते असा पुरावा आक्षेप घेणाऱ्यांनाही दाखवता आला नाही.

मोठी मात्रा उपयोगी पडल्याचे एक पक्के उदाहरण डोळ्यांचे आहे. दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या) मध्यभागाचा वयपरत्वे होणारा ऱ्हास मध्यम टप्प्यावर असेल, तर क ५०० मिलिग्रॅम, ई ४०० युनिट, बीटा कॅरोटीन १५ मिलिग्रॅम, जस्त ८० आणि तांबे २ मिलिग्रॅम या मिश्रणाने पुढच्या टप्प्यावर जाण्याचा धोका सुमारे पाव हिश्श्याने कमी झाला. हे २००१ चे. २०१३ मध्ये बीटा कॅरोटीन काढून ल्युटिन १० आणि झिॲझँथिन २ मिलिग्रॅम ही पिवळी रंगद्रव्ये घालण्याचा सल्ला आला. मोतीबिंदूसाठी किंवा निरोगी डोळ्यांसाठी हे मिश्रण नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा तपासून लिहिले तरच ते घ्यावे.

साध्या मल्टिव्हिटॅमिनची वेगळी वाट

रोजच्या गरजेइतक्याच मात्रेच्या गोळीचे निकाल वेगळे आहेत. पन्नाशीपुढच्या १४,६४१ डॉक्टरांवरच्या चाचणीत २०१२ मध्ये एकूण कर्करोग ८ टक्क्यांनी कमी दिसला, हृदयविकारात मात्र फरक नव्हता. वर्षभराने त्याच चाचणीतून स्मरणशक्तीवरही परिणाम नसल्याचे कळले. नंतर २०२२ आणि २०२३ मध्ये दुसऱ्या मोठ्या चाचणीतून थोडी बरी स्मरणशक्ती नोंदली गेली. ती ‘दोन-तीन वर्षांचे म्हातारपण वाचले’ अशा भाषेत छापली गेली. प्रत्यक्ष फरक शब्दांची यादी आठवण्यासारख्या चाचण्यांतला होता, आणि लहान होता. २०२४ मध्ये ३,९०,१२४ निरोगी अमेरिकी लोकांच्या वीस वर्षांहून जास्त काळाच्या नोंदी तपासल्या गेल्या. रोज मल्टिव्हिटॅमिन घेणाऱ्यांचे आयुष्य जास्त आढळले नाही.

भारतात आणखी एक पेच आहे. औषध म्हणून बनलेल्या जीवनसत्त्वाच्या गोळीला औषध कायद्याच्या मर्यादा, आणि ‘हेल्थ सप्लिमेंट’ म्हणून बनलेल्या गोळीला अन्नसुरक्षा कायद्याच्या. २०१६ च्या डिसेंबरमध्ये निघालेले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या नियमांनी सप्लिमेंटमधली पोषकद्रव्ये रोजच्या शिफारशीपेक्षा जास्त नसावीत अशी मर्यादा घातली. त्याच फळीवर शेजारी औषधाच्या वर्गातली कितीतरी पट मात्रेची गोळी ठेवलेली असते. ओळखायची खूण सोपी आहे. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ असेल तर ते सप्लिमेंट. औषध उत्पादनाचा परवाना असेल तर ते औषध. दोन्ही एकाच वेळी घेतली की अ, ड, जस्त, ब६ यांची बेरीज होते. ब६ ची मोठी मात्रा दीर्घकाळ घेतल्यास हातापायांना मुंग्या येतात, आणि मुंग्यांसाठीच पुन्हा ‘नसांची गोळी’ सुरू होते. तिच्यातही ब६ असते.

आपल्या भागातल्या वयस्करांसाठी खरा प्रश्न ब१२ चा आहे. माळकरी, जैन, लिंगायत घरांतला आहार शाकाहारी, दूध-ताक कमी झालेले, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि रोजची ॲसिडिटीची गोळी. या दोन्ही गोळ्या ब१२ चे शोषण घटवतात. गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅमची असताना गोळी १००० मायक्रोग्रॅमची का देतात, असा प्रश्न पडतो. पोटातला वाहक घटक कमी पडला तरी मोठ्या मात्रेतले सुमारे १ टक्का ब१२ आपोआप झिरपते, म्हणजे दहाएक मायक्रोग्रॅम. ही मोठी मात्रा हिशेबाने आलेली आहे. नुसते फॉलिक ॲसिड असलेली गोळी घेतली तर रक्तक्षय सुधारलेला दिसतो आणि नसांची हानी आत चालूच राहते. म्हणून आधी रक्तात ब१२ तपासावे, मग गोळी सुरू करावी.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, दुधातून, आणि मग महिन्याला एक, असे लिहून दिलेले असते. ‘पुडी रोज’ असे समजून महिनाभर रोज घेतल्याने रक्तातले कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ आणि गोंधळलेपण येऊन वृद्ध दाखल होतात. थायरॉइडची गोळी चालू असेल तर कॅल्शियम किंवा लोहाची मल्टिव्हिटॅमिन चार तास अंतराने घ्यावी. केसांसाठीची बायोटिनची मोठी मात्रा चालू असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी करताना प्रयोगशाळेत सांगावे, नाहीतर अहवाल चुकीचा येऊ शकतो. गोळी घेतल्यावर लघवी गडद पिवळी झाली तर ते ब२ बाहेर पडत असते, कावीळ नव्हे.