छोटा बुडबुडा मोठ्याला फुगवतो

एका नळीच्या दोन टोकांना साबणाचे दोन बुडबुडे, एक लिंबाएवढा, दुसरा बोराएवढा. मधली तोटी उघडली तर काय होईल? बहुतेक जण सांगतात, दोन्ही सारखे होतील. मीही तेच म्हटलं होतं. प्रत्यक्षात बोर आक्रसत जातं आणि त्यातली हवा लिंबात शिरते.

याचं मूळ पृष्ठताणात, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग आक्रसू पाहतो त्या ओढीत आहे. द्रवाच्या पोटातल्या रेणूला शेजारी सगळीकडून ओढतात. पृष्ठभागावरच्या रेणूला बाहेरून ओढणारं जवळपास कुणी नसतं. म्हणून पृष्ठभाग वाढवायला ऊर्जा लागते, आणि थेंब कमीत कमी पृष्ठभागात मावायचं म्हणून गोल होतो. याला ‘ताणलेला रबरी पडदा’ म्हणायची पद्धत आहे, पण ती उपमा अर्धीच खरी. रबर ताणलं की ताण वाढतो. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण थेंब लहान असो वा मोठा, 25 अंश सेल्सिअसला मीटरमागे साधारण 0.072 न्यूटनच राहतो.

दाब मात्र बदलतो. वक्र पृष्ठभाग आतल्या द्रवाला आवळतो. वक्रता जास्त तेवढं आवळणं जास्त. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग (1805) आणि फ्रेंच गणितज्ञ लाप्लास (1806) यांनी हे मांडलं: थेंबातला जादा दाब म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. 1 मिलिमीटर त्रिज्येच्या थेंबात तो जेमतेम 144 पास्कल, म्हणजे दीड सेंटिमीटर पाण्याच्या वजनाइतका. त्रिज्या 1 मायक्रोमीटर केली की तोच 1,44,000 पास्कल, वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ दीडपट! साबणाच्या बुडबुड्याला आतून आणि बाहेरून असे दोन पृष्ठभाग, म्हणून तिथे दुपटीऐवजी चौपट. बोराची त्रिज्या लहान, म्हणून त्यातला दाब जास्त, आणि हवा लिंबाकडे ढकलली जाते.

आपल्या छातीतही असेच कोट्यवधी बुडबुडे आहेत. फुप्फुसातले वायुकोश आतून ओले असतात. तिथे नुसतं पाणी असतं, तर श्वास सोडताना आकसलेले कोश आपली हवा मोठ्यांत ढकलून मिटून गेले असते. तसं होत नाही, कारण तिथल्या पेशी सरफॅक्टंट नावाचं, पृष्ठताण कमी करणारं स्निग्ध द्रव्य सोडतात. कोश आकसला की त्याचा थर दाट होतो आणि पृष्ठताण आणखी उतरतो.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांत हे द्रव्य पुरेसं तयार झालेलं नसतं. त्यांचा श्वास कोंडतो तो यामुळेच, असं मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड या अमेरिकी संशोधकांनी 1959 मध्ये दाखवून दिलं. आता अशा बाळाच्या श्वासनलिकेत सरफॅक्टंट थेट सोडतात, काही मिलिलिटर.